आग झाकली, बीड फुललं

न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या खोऱ्यात शे-दीडशे वर्षांचं लाकडी घर कुणी विकत घेतलं, की माळ्यावर, तळघरात किंवा मागच्या कोठारात कधीकधी एक काळी, गंजलेली, दोघांना न हलणारी वस्तू सापडते. चार वळणदार पाय, पुढे नक्षीचं दार, दोन्ही बाजूंना द्राक्षाचे वेल, मागे धुराची नळी बसवायचं गोल तोंड आणि डोक्यावर एक भोक. भोक कळसाचं असतं. कळस बहुधा हरवलेला. ही दिवाणखान्यातली शेगडी, तिकडचं नाव पार्लर स्टोव्ह. स्वयंपाकाशी तिचा संबंध नाही. पाहुणे बसतात ती खोली उबदार ठेवायची एवढंच तिचं काम, आणि पाहुण्यांच्या नजरेला पडणार म्हणून सगळा थाट.

ती माळ्यावर का जाते, याचं उत्तर त्या काळच्या घरकामात आहे. वसंत सरला की शेगडी हलवायची, नळ्या सुट्या करून काजळी झाडायची, सगळं आडबाजूला रचून ठेवायचं आणि थंडी पडायच्या आत पुन्हा आणून जोडायचं. गालिचे काळे व्हायचे, बोटं चेमटायची. घरोघरी या कामाचा धसका असे. मग एका वर्षी तळघरात मोठी भट्टी बसते, गरम हवा जमिनीतल्या जाळ्यांमधून वर येऊ लागते, आणि माळ्यावर गेलेली शेगडी परत उतरत नाही.

अशी शेगडी ओळखायला बसलेला माणूस आधी ब्रश घेऊन अक्षरं शोधतो. ते बरोबरच आहे, पण मी आधी नक्षीकडे बघेन. आग कोंडायच्या पेटीवर इतकी फुलं, कमानी, खांब कशासाठी? तिचं निम्मं कूळ या एका प्रश्नात आहे.

अमेरिकेत आलेल्या इंग्रजांना आग डोळ्यांना दिसायला हवी असे. भिंतीतल्या उघड्या फायरप्लेसमधली बरीचशी ऊब धुराड्यातून आकाशात जायची, तरी ते तिच्यापुढेच बसायचे. पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन शेतकऱ्यांची रीत वेगळी होती. त्यांची शेगडी बिडाच्या पाच तक्त्यांची. सहावी बाजू मोकळी, ती भिंतीत खुपसलेली आणि पलीकडच्या स्वयंपाकघराकडे उघडणारी. लाकडं तिकडून घालायची, धूर आणि राखही तिकडेच. बैठकीच्या खोलीत यायची ती निव्वळ ऊब. ज्वाळेचा मागमूसही नाही. आणि नेमक्या याच शेगडीच्या तक्त्यांवर ओतलेली चित्रं सापडतात: आदम आणि ईव्ह, काइन आणि आबेल, काना गावचं लग्न. डॉइल्सटाउनच्या हेन्री मर्सरने हे तक्ते गोळा केले, जर्मन अक्षरं लावून वाचली आणि १९१४ मध्ये ‘द बायबल इन आयर्न’ हे पुस्तक काढलं. दिसणारी आग गेली तिथे चित्र आलं. पुढच्या दीडशे वर्षांत शेगडी कितीही बदलली तरी हा व्यवहार पुन:पुन्हा होत राहिला, असं माझं मत आहे.

बेंजामिन फ्रँकलिनने मधला मार्ग शोधला. १७४४ मध्ये त्याने छोटी पुस्तिका छापून आपल्या पेनसिल्व्हेनियन फायरप्लेसची माहिती दिली. पुढून आग दिसेल, पण गरम धूर सरळ धुराड्यात न जाता पोकळ बिडाच्या पेटीला वळसा घालून, खाली उतरून जाईल, म्हणजे ऊब खोलीत राहील. गव्हर्नरने देऊ केलेलं पेटंट त्याने नाकारलं. दुसऱ्यांच्या शोधांचा आपण फायदा घेतो, तर आपला शोधही खुला असावा, ही त्याची भूमिका. विचार मोठा होता, पण शेगडी नीट चालेना. गरम धूर खाली उतरायला तयार होत नाही. डेव्हिड रिटनहाउस आणि इतरांनी धुराची वाट सरळ केली, आणि आज ‘फ्रँकलिन स्टोव्ह’ म्हणून विकली जाणारी पुढून उघडी शेगडी बहुतेक या दुरुस्त घराण्यातली असते. घरात अशी सापडली तर फ्रँकलिनच्या हयातीतली असेल अशी आशा धरू नये. तो आकार एकोणिसाव्या शतकभर ओतला जात होता.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तक्ते ओतले जायचे ते रानातल्या भट्ट्यांवर. खनिज, कोळसा करायला जंगल आणि भाता चालवायला ओढा जिथे मिळेल तिथे भट्टी. वितळलेलं लोखंड थेट वाळूत. तक्ते जाड आणि ओबडधोबड. १८३० च्या दशकात हे काम शहरात आलं. पिग आयर्न, म्हणजे भट्टीतलं कच्चं लोखंड, विकत आणायचं, क्युपोला नावाच्या उभ्या भट्टीत पुन्हा वितळवायचं आणि लाकडी चौकटीत दाबलेल्या बारीक वाळूच्या साच्यात ओतायचं. कोल्हापूरच्या फाउंड्रीत काम केलेल्याला यातलं काहीच नवीन वाटणार नाही. पॅटर्न, मोल्डिंग, कोअर, क्युपोला हे शब्द तिथेही तेच आहेत.

या नव्या धंद्याची राजधानी झाली ती हडसनकाठची दोन शेजारशेजारची शहरं, ऑल्बनी आणि ट्रॉय. १८२५ मध्ये ईरी कालवा पुरा झाला होता, त्यामुळे तयार माल बोटीने पश्चिमेकडे थेट ग्रेट लेक्सपर्यंत जाई. १८२८ च्या डेलावेअर-हडसन कालव्याने पेनसिल्व्हेनियाचा कोळसा हडसनपर्यंत आणला. पण खरी देणगी पायाखाली होती. हिमयुगाच्या अखेरीस इथे एक प्रचंड सरोवर होतं, त्याच्या तळाची आणि काठाची वाळू अतिशय बारीक, आणि मुठीत दाबली की आकार धरून राहील इतकी चिकणमाती तिच्यात. त्या वाळूत पानाची शीरन्‌शीर उमटते. लाकडावर कोरलेल्या मूळ नमुन्याची, म्हणजे पॅटर्नची, धार तशीच्या तशी बिडात उतरते. माळ्यावरच्या शेगडीवरून बोट फिरवताना द्राक्षाचा मणी वेगळा लागला, पानाची कड बोचली, तर ते श्रेय कोरणाऱ्याइतकंच त्या वाळूचंही आहे.

शेगडी घराघरात गेली आणि तक्रार सुरू झाली. १८४२ मध्ये अमेरिकेत फिरून गेलेल्या चार्ल्स डिकन्सला या लालभडक तापलेल्या, हवा कोंडणाऱ्या शेगड्यांनी जेरीस आणलं, आणि प्रवासवर्णनात त्याने ते लिहून ठेवलं. पुढच्याच वर्षी नॅथॅनिएल हॉथॉर्नने ‘फायर वर्शिप’ हा निबंध लिहिला. उघड्या आगीभोवती कुटुंब एकत्र बसायचं, ती बंद पेटीत गेल्यावर घराचं काय होणार, ही त्याची काळजी. बागा आणि घरं यांच्यावर लिहिणारा अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग १८५० मध्ये कोंदट, तापलेल्या हवेला अमेरिकेचं आवडतं विष म्हणून मोकळा झाला. लेखक हेन्री थोरोने वॉल्डन तळ्याकाठच्या झोपडीत दुसऱ्या हिवाळ्यात छोटी शेगडी वापरली आणि सोबती हरवल्यासारखं वाटल्याचं नोंदवलं. या लोकांचं दु:ख मला खोटं वाटत नाही. लाकूड महागलं होतं, थंडी जीवघेणी होती, शेगडीवाचून गत्यंतर नव्हतं. पण डोळ्यांसमोरची ज्वाळा गेली होती आणि तिच्या जागी काळी पेटी आली होती.

कारखानदारांचं उत्तर आज आपल्यापुढे उभं आहे. पेटीच सुंदर करायची. १८३० आणि ४० च्या दशकांत दोन किंवा चार खांबांच्या शेगड्या आल्या: खाली आगीची पेटी, तिच्यावर पोकळ बिडाचे खांब, वर आडवी तुळई, मधे किंवा वरती कलश. दिसायला ग्रीक देवळाचा दर्शनी भाग. खांब शोभेचे वाटतात, पण गरम धूर त्यांच्यातूनच वर चढतो आणि जाताजाता बीड तापवतो. नक्षी आणि उपयोग एकाच ओतकामात आलेले मला दुसऱ्या कुठल्या शेगडीत इतके छान दिसले नाहीत. मग टोकदार कमानींची गॉथिक धाटणी आली, मग गुलाब, वेली आणि शंखाच्या वळणांची रोकोको. ढोबळमानाने, खांब असतील तर अमेरिकी गृहयुद्धाच्या बऱ्याच आधीची, आणि भरगच्च फुलं व वळणदार पाय असतील तर १८५० च्या आसपासची, असा पहिला अंदाज बांधायला हरकत नाही.

अंदाजाची खात्री मात्र कायद्याने करून ठेवली आहे. २९ ऑगस्ट १८४२ च्या अमेरिकी पेटंट कायद्यात दोन गोष्टी आल्या. एक, यंत्राच्या कल्पनेसारखंच वस्तूच्या आकाराला आणि नक्षीलाही पेटंट मिळू लागलं, मुदत सात वर्षं. दोन, पेटंट घेतलेल्या वस्तूवर त्याची तारीख घालणं बंधनकारक झालं. शेगडीवाल्यांनी या कायद्याचा इतका वापर केला की सुरुवातीच्या दशकांतल्या डिझाइन पेटंटांमध्ये शेगड्यांची रांगच लागलेली दिसते. त्यामुळेच ट्रॉयच्या एझ्रा रिप्ली किंवा एन. एस. व्हेडर यांच्यासारख्या नक्षीकारांची नावं आज कळतात. कायदा नसता तर वाळूत दाबलेल्या हजारो पॅटर्नमागे माणूस कोण, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

तेव्हा आता ब्रश घ्या. तारेचा नको, ताठ केसांचा. दाराच्या आतली बाजू, राख पडते तो पुढचा ओटा, मागचा तक्ता, झाकणाची खालची बाजू आणि पायांची आतली बाजू बघा. अक्षरं पुसट असतील तर खडूची भुकटी चोळा, उठून दिसतात. मिळतील त्या गोष्टी साधारण अशा: कारखान्याचं नाव, शहर, शेगडीचं विक्रीचं नाव, ‘नंबर ३’ असा एखादा आकडा आणि ‘पेटंटेड’च्या पुढे तारीख. ‘नंबर ३’ हा अनुक्रमांक नव्हे, शेगडीचं माप आहे. तिसरी बनवलेली म्हणून कुणी किंमत वाढवून सांगितली तर ऐकू नका. तारखेचा शेवटचा आकडा झिजला असेल तर कॅलेंडर काढा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेची पेटंटं मंगळवारी दिली जात, त्यामुळे ३ की ८ असा घोळ असेल तर ज्या वर्षी ती तारीख मंगळवारी येते ते वर्ष धरायचं. तारीख हातात आली की पेटंटच्या नोंदी आज इंटरनेटवर कुणालाही बघता येतात, आणि पुष्कळदा त्या कागदावर आपल्याच शेगडीचं रेखाचित्र समोर येतं. १८३६ च्या आधीचं पेटंट असेल तर वाट अवघड. त्या वर्षी १५ डिसेंबरला वॉशिंग्टनचं पेटंट ऑफिस जळालं आणि तोवरची सुमारे १० हजार पेटंटं नष्ट झाली. त्यांतली थोडीच नंतर नकला मिळवून पुन्हा उभी करता आली.

पेटंटची तारीख म्हणजे शेगडीची जन्मतारीख नव्हे, हे बजावून सांगायला हवं. ती सांगते, याच्या आधीची नाही. चाललेला नमुना वर्षानुवर्षं ओतला जाई, पॅटर्न दुसऱ्या कारखान्याला विकले जात, हक्क भाड्याने दिले जात. चोरीही होई. लोकप्रिय शेगडी विकत आणायची, सुटी करायची आणि तिचेच तक्ते पॅटर्न म्हणून वाळूत दाबायचे. पण बीड निवताना आकसतं, जवळजवळ शेकडा एकाने. अस्सल पॅटर्न बनवणारा हे गृहीत धरून पॅटर्न मोठा करतो. नक्कल करणाऱ्याला ते करता येत नाही. म्हणून नकलेचा दोन फुटी तक्ता अस्सलपेक्षा पाव इंच तोकडा भरतो आणि पानांच्या शिरा बोथट होतात. हातात टेप असेल आणि संग्रहालयातल्या अस्सल शेगडीची मापं मिळाली तर हा निवाडा घरबसल्या होतो. ऑल्बनी इन्स्टिट्यूट ऑफ हिस्टरी अँड आर्टकडे या भागातल्या शेगड्यांचा मोठा संग्रह आहे आणि १९८१ मध्ये तिथल्या टॅमिस ग्रॉफ्ट यांनी त्यावर केलेलं ‘कास्ट विथ स्टाइल’ हे पुस्तक ओळख पटवणाऱ्यांचं मुख्य आधारपुस्तक आहे.

ओतणाऱ्या मोल्डरांची नावं तक्त्यावर नसतात, पण त्यांची कहाणी शहरांच्या नोंदींत आहे. दिवसभर साचे भरायचे, मग वितळलेलं बीड हातातल्या पळ्यांनी ओतायचं, मजुरी नगावर. १८५९ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना झाली, विल्यम सिल्व्हिस हा तिचा मोठा पुढारी. १८६६ च्या वसंतात ऑल्बनी आणि ट्रॉयच्या कारखानदारांनी टाळेबंदी केली तेव्हा ट्रॉयच्या, शर्टांच्या सुट्या कॉलर धुणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या बायकांच्या संघटनेने मोल्डरांना १,००० डॉलर दिले. केट मुलॅनीची ती संघटना. स्वत: वाफेत आणि उकळत्या पाण्यात राबणाऱ्या बायकांचे ते पैसे. मोल्डर जिंकले, आणि त्यानंतर ट्रॉयमध्ये त्यांनी सहकारी फाउंड्रीही काढल्या. द्राक्षवेलीच्या शेगडीच्या कुळात या बायकांचं नाव यायलाच हवं.

दरम्यान आगीतही बदल झाला होता. ११ फेब्रुवारी १८०८ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरे गावी जेसी फेल याने आपल्या खानावळीत लोखंडी जाळीवर अँथ्रासाइट पेटवून दाखवला. हा दगडासारखा कठीण कोळसा लवकर पेट घेत नाही; खालून हवा खेळली पाहिजे. पेटला की धूर जवळपास नाही आणि रात्रभर धुमसतो. युनियन कॉलेजचे अध्यक्ष एलिफॅलेट नॉट यांनी, ६२ वर्षं कॉलेज चालवताना, अँथ्रासाइटच्या शेगड्यांची कितीतरी पेटंटं घेतली. न्यूयॉर्कच्या जॉर्डन मॉटने खाणीवर टाकून दिलेला बारीक कोळसा जाळणारी शेगडी काढून पैसा केला. ब्रॉन्क्समधलं मॉट हेवन त्याच्याच नावाचं.

त्यामुळे शेगडीच्या पोटात डोकावलं की इंधन कळतं. लांबट पेटी, सपाट तळ आणि आडवं मोठं दार असेल तर लाकडाची. हलवायची दांडी असलेली जाळी, विटांचं अस्तर आणि खाली राखेचा खोल कप्पा असेल तर कोळशाची. आणि मधोमध वरून खाली उतरणारी बिडाची नळी असेल तर ती बेस बर्नर. तांब्याच्या बंबात आपण मधल्या नळीत वरून इंधन सोडतो, तसाच इथे कोळसा वरून भरायचा; खालचा जळत गेला की वरचा आपोआप सरकतो. सकाळ-संध्याकाळ भरला तर पहिल्या थंडीत पेटलेली आग वसंतापर्यंत विझत नाही.

बेस बर्नरने आणखी एक गोष्ट केली, आणि मला ती या सगळ्या कथेतली सर्वांत आनंदाची वाटते. अँथ्रासाइट काजळी धरत नाही, त्यामुळे दारांना अभ्रकाची तावदानं बसवता आली. न्यू हॅम्पशरमधल्या ग्राफ्टनच्या खाणीतून अभ्रक शतकाच्या सुरुवातीपासून निघत होताच. ऑल्बनीच्या डेनिस लिटलफिल्डची ‘मॉर्निंग ग्लोरी’ आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या शेगड्यांना तीन बाजूंनी अशी तावदानं असत. काळोखात सगळी खोली तांबूस उजळून निघायची. हॉथॉर्नने ज्याचं दु:ख केलं होतं ते वीस-बावीस वर्षांत दिवाणखान्यात परत आलं. आणि बघा, आग दिसू लागल्यावर बिडाची फुलं हळूहळू विरळ झाली. त्यांची जागा तावदानांनी आणि १८७० च्या दशकापासून निकेलच्या चकचकीत पट्ट्यांनी घेतली.

त्यानंतर धंदा पश्चिमेला सरकला, तिथे मी फार रेंगाळणार नाही. डेट्रॉइटमध्ये जेरेमाया ड्वायरने पाया घातला. मिशिगन स्टोव्ह कंपनीने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी गारलँड शेगडीची २५ फूट उंच, १५ टनांची लाकडी प्रतिकृती उभारली, ती २०११ मध्ये वीज पडून जळाली. मिशिगनमधल्याच डोवॅजियाक गावी फायलो बेकविथने ‘राउंड ओक’ काढली: पत्र्याचा उभा गोल, खाली-वर बीड. ती इतकी खपली की सगळीकडे ‘ओक’ नावाच्या नकला निघाल्या. खऱ्या राउंड ओकवर ‘इस्टेट ऑफ पी. डी. बेकविथ’ असं असेल तर ती १८८९ नंतरची, कारण त्या वर्षी बेकविथ वारला आणि काही काळ कारखाना त्याच्या इस्टेटीच्या नावाने चालला. टपालाने माल विकणाऱ्या सीअर्स, रोबकची ‘ॲक्मे’ सापडली तर ते नाव विकणाऱ्याचं आहे, ओतणाऱ्याचं नाही.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या भंगार गोळा करण्याच्या मोहिमांत, अशा कितीतरी शेगड्या वितळवल्या गेल्या. म्हणून वाचलेली शेगडी हाताळताना थोडं दमानं घ्यावं. सँडब्लास्टिंगला देण्याआधी प्रत्येक तक्त्याचे आतून-बाहेरून फोटो काढा. जोरदार वाळूचा मारा बारीक अक्षरं खातो. तक्ते उचलताना कडेला धरा, दाराला धरू नका; बीड वाकत नाही, तडकतं. सांध्यांतला जुना लेप खरवडायच्या आधी तपासून घ्या, काही लेपांत ॲस्बेस्टॉस असतो. आणि पेटवायची हौस असेल तर आधी जाणकाराकडून तडे, सांधे आणि धुराडं पाहून घ्या. अँथ्रासाइटला धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. अभ्रकाचं तावदान फुटकं असलं तर काच घालू नका. अभ्रकाचे पत्रे आजही मापाने कापून मिळतात.